शेऱ्याचा रकाना

गेल्या महिन्यात याच सदरात एका वाचकाला उत्तर देताना ओघात लिहून गेले, की माझी पंधरा वर्षं पुण्यात रिसर्च असिस्टंट म्हणून गेली, आणि त्यातली बहुतेक अपंग माणसांच्या हालचाली मोजण्यात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले, या वेळी पाठदुखी आणि मधुमेह राहू द्या, यांनाच उत्तरं द्या. सात पत्रं निवडली आहेत. जिथे बोलावंसं वाटलं तिथे भरपूर बोलले आहे. ज्यांच्या वाट्याला चार ओळी आल्या त्यांनी रागावू नये.

ताई, मी एमएसडब्ल्यू झाले आहे. ‘शारीरिक हालचाल आणि अपंगत्व’ अशा एका प्रकल्पावर रिसर्च असिस्टंटच्या मुलाखतीला बोलावलं आहे. जाहिरातीत ‘डेटा कलेक्शन, फिल्डवर्क व इतर कामे’ एवढंच लिहिलंय. नक्की करायचं काय असतं? — स. प., वारजे

‘इतर कामे’ हेच मुख्य काम, हे आधी सांगून ठेवते.

मी बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केलेली मुलगी. खो-खोत वाढले. माझ्या डोक्यात हालचाल म्हणजे धावणं, उठणं, बसणं, सूर मारणं. पहिल्या प्रकल्पावर मला क्लिपबोर्ड दिला, प्रश्नावली दिली आणि जनता वसाहतीत पाठवलं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही वस्ती पर्वतीच्या डोंगरावर चढत गेली आहे. घर शोधायचं म्हणजे पायऱ्या चढायच्या. माझ्या यादीत चाळिशीच्या एक बाई होत्या, लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक. प्रश्न होता, ‘गेल्या आठवड्यात सलग किमान दहा मिनिटं चालणं झालं का?’ जागतिक आरोग्य संघटनेची सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिच्यात हे ‘सलग दहा मिनिटं’ फिरून फिरून येतं. बाई हसल्या. “सलग? मी चार पायऱ्या चढते, बसते. परत चार.” म्हणजे उत्तर ‘नाही’. पुढचा प्रश्न, ‘नाही’. त्याच्या पुढचा, ‘नाही’. बेरीज: आठवड्याला शून्य मिनिटं.

मी फॉर्म मिटत होते तेवढ्यात नळाला पाणी आलं. बाई उठल्या नाहीत, सरकल्या. बसल्या बसल्या एकेक पायरी उतरत नळापर्यंत गेल्या. येताना भरलेली कळशी वरच्या पायरीवर ठेवायची, दोन्ही हातांवर भार देऊन स्वतःला वर उचलायचं, परत कळशी पुढच्या पायरीवर. सव्वीस पायऱ्या मी मोजल्या. तीन खेपा झाल्या. ब्लाउज पाठीला चिकटला होता. आणि माझ्या हातातला कागद म्हणत होता, ही बाई काहीच करत नाही.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर ‘शेरा’ म्हणून दोन बोटांचा रकाना होता. तिथे बारीक अक्षरात सगळं लिहिलं, मावेना म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. आमचे सुपरवायझर म्हणाले, “कविता करायला ठेवलंय का तुम्हाला?” दोन महिन्यांनी आकडे तपासताना एवढी शून्यं कशी, असा प्रश्न आला तेव्हा तीच मागची पानं बाहेर निघाली. पुढच्या फेरीत एक जादा प्रश्न आला: बसून, सरकत किंवा हातांच्या जोरावर केलेली कामं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत अपंग व्यक्तींसाठी पहिल्यांदाच वेगळा भाग आला आणि ती सलग दहा मिनिटांची अटही गेली. थोडी थोडी केलेली हालचालही आता धरायची. हे काही माझ्या शेऱ्यामुळे झालं नाही. पण ते वाचलं तेव्हा मला ती कळशी दिसली.

तर सखे, काम असं आहे. सकाळी बॅग भरायची. संमतीपत्राच्या प्रत्येकी दोन प्रती (एक त्यांच्याकडे राहते, हे विसरणारे खूप आहेत), मोजपट्टी, वजनकाटा, स्टॉपवॉच, दोन प्लास्टिकचे शंकू, पाण्याची बाटली, छत्री. पीएमटीने जायचं, हो, पीएमपीएमएल म्हणतात आता. आदल्या दिवशी फोन करूनही दार बंद असू शकतं. पालखी पुण्यात मुक्कामी असते त्या दोन दिवसांत आणि गणपतीत कुणाला वेळ मागू नकोस. घरात गेल्यावर जिच्याविषयी प्रश्न विचारायचे आहेत तिच्याकडे तोंड करून बोलायचं. हे लिहायला सोपं आहे. बौद्धिक अपंगत्व असलेला तिशीचा मुलगा समोर बसलेला असतो आणि आपण नकळत आईला विचारतो, “हा फिरायला जातो का?” आईची सही लागत असेल तर ती घ्यायचीच, पण त्याला कळेल अशा शब्दांत त्यालाही विचारायचं, आणि त्याने मान हलवून ‘नको’ म्हटलं तर फॉर्म बॅगेत घालून चहा पिऊन परत यायचं. कर्णबधिर व्यक्तीकडे जाताना दुभाषा सोबत हवा, शेजारच्या मावशी नकोत. मावशी त्यांच्या मनाचंच सांगतात.

मोजमापाची शिस्त वेगळी. सहा मिनिटं चालण्याची चाचणी असते. तीस मीटरचा सरळ बोळ, दोन टोकांना शंकू, त्यांच्याभोवती फेऱ्या. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हणायचं: “छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत.” एवढंच. मी खो-खोच्या मैदानावरची, माझ्या तोंडून पहिल्या वेळी निघालं, “अरे पळ, पळ, शाब्बास!” ती चाचणी बाद झाली. ओरडून प्रोत्साहन दिलं की माणूस जास्त चालतो, मग दुसऱ्या केंद्रावरच्या आकड्यांशी तुलना कशी करणार?

आणि यंत्रं. ॲक्सेलरोमीटर नावाची, हालचाल नोंदवणारी काडेपेटीएवढी डबी असते, पट्ट्याने कमरेला किंवा मनगटाला बांधतात, सात दिवस. आंघोळीला काढायची, परत घालायची. साधारणपणे दिवसाला दहा तास आणि किमान चार दिवस घातली असेल तरच तो डेटा धरतात. सहकारनगरमधल्या एका आजींकडे आठव्या दिवशी गेले तर त्यांनी डबी देव्हाऱ्यातून काढून दिली. “सरकारी वस्तू, नातवंडं हात लावतील म्हणून ठेवली होती गं.” सात दिवस देवाशेजारी, रोज एक फूल. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. ‘घालायची’ हे मी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी डबी स्वतःच्या कमरेला बांधून दाखवते, मग त्यांच्या.

मुलाखतीत तुला विचारतील, ‘एक्सेल येतं का?’ तू त्यांना विचार, ‘फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना आहे का आणि तो कोण वाचतं?’ चेहरे बघ. तुला कळेल तिथे काम करावं की नाही.

दिव्यांग म्हणावं, अपंग म्हणावं की विकलांग? आमच्या कार्यालयात यावरून वाद झाला. — एक वाचक, सदाशिव पेठ

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ सुचवला आणि सरकारी कागदांवर तो रुळला. मी ज्यांच्याकडे जाते त्यांतले काही तोच म्हणतात, काहींना तो ऐकून हसू येतं. मी समोरच्याला विचारते आणि तो म्हणेल ते म्हणते. लिहिताना मात्र मी अपंग लिहिते; माझी सवय आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. दारात उभं राहून “घरात कुणी अपंग आहे का?” विचारलं तर उत्तर येतं ‘नाही’. त्याच घरात “चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का, की अजिबात जमत नाही?” असं विचारलं की आजोबा, काकू आणि एक मुलगा, तिघं निघतात. म्हणून वॉशिंग्टन ग्रुप नावाच्या गटाने तयार केलेले सहा प्रश्न वापरतात: बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं आणि बोलून समजणं-समजावणं. ‘अपंग’ हा शब्द कुठेच नाही, नुसती अडचण विचारायची आणि ती किती हे चार पायऱ्यांत नोंदवायचं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. दाराशी मी जे पाहिलं त्यावरून तो आकडा मला फार लहान वाटतो. कार्यालयातला वाद चालू ठेवा, पण फॉर्मवरचा प्रश्नही एकदा बघा.

नाव छापू नका. मी चार महिन्यांपासून एका प्रकल्पावर आहे. माझ्या पाच फॉर्मांत दोन-दोन उत्तरं रिकामी आहेत. लोकांनी सांगितलंच नाही. सीनिअर म्हणतात, “बाकीच्यांसारखं भरून टाक, उद्या डेटा लॉक करायचाय, नंतर बदलता येणार नाही.” नोकरी नवी आहे. काय करू? — हडपसर

भरू नका.

आता कारण सांगते, आणि ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. दुसऱ्या वर्षी एका बाईंचं वजन घ्यायचं होतं. त्यांना काट्यावर उभं राहता येत नव्हतं, आणि व्हीलचेअरसह वजन होईल असा काटा आमच्याकडे नव्हता. मी विचारलं, “अंदाजे किती असेल?” त्या म्हणाल्या, “असेल की पन्नास-बावन्न.” मी ५२ लिहिलं. अंदाज असं लिहिलं नाही, मोजल्यासारखं नुसतं ५२. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्या आकड्यावर आडवी एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी ‘मोजले नाही, काटा अपुरा’ लिहिलं, सही केली, तारीख टाकली. चूक दुरुस्त करायची पद्धत हीच आहे. व्हाइटनर बॅगेत ठेवूच नका.

मग झालं असं, की वर्षअखेरीस असे बरेच फॉर्म निघाले: ‘काटा अपुरा’. त्या रिकाम्या जागा एकत्र दिसल्या म्हणून व्हीलचेअरसह वजन करायचा काटा विकत घेतला गेला. आम्ही सगळ्यांनी ५२, ५५, ४८ असं भरलं असतं तर कागद सुंदर दिसला असता आणि काटा आला नसता. उत्तर दिलं नाही, हेसुद्धा त्या माणसाने आपल्याला सांगितलेलं असतं. त्यासाठी कोड, म्हणजे ठरलेला आकडा असतो. गाळलेल्या आकड्यांचं पुढे काय करायचं ते संख्याशास्त्र जाणणारे उघडपणे, पद्धत लिहून ठरवतात. ते काम लॉकच्या आदल्या संध्याकाळी तुमचं नाही.

सीनिअरशी भांडू नका. आत्ता घरी जायच्या आधी एक ईमेल करा, साध्या भाषेत: ‘अमुक पाच फॉर्मांत अमुक प्रश्नांची उत्तरं मिळालेली नाहीत. त्यांना कोणता कोड द्यावा, कृपया कळवावे.’ प्रमुख संशोधकांना प्रत पाठवा. जे तोंडी सांगायला सोपं असतं ते लेखी सांगताना माणूस थबकतो. माझ्या अनुभवात अशा ईमेलला ‘कोड ९९ द्या’ एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. नाहीच संपला तर संशोधन नीतीला धरून चाललंय ना हे बघणारी संस्थेची एथिक्स कमिटी असते, तिच्या सचिवांचा फोन तुमच्याच संमतीपत्रावर छापलेला आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी). दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच मुली घरी आल्या, हाताला घड्याळासारखं यंत्र बांधलं, फोटो काढला, “रिपोर्ट पाठवू” म्हणाल्या. नंतर कोणी फिरकलं नाही. फोन लागत नाही. आम्ही काय उंदीर आहोत का? — एक आई, बिबवेवाडी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘तुमच्यासारख्याच मुली’ हे शब्द लागले, कारण ते बरोबर आहेत. त्या मुलींत मी नव्हते, पण असू शकले असते. मीसुद्धा एका प्रकल्पात ‘रिपोर्ट पाठवू’ म्हटलं आहे. तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं. पुढे अनुदान संपलं, आमची कंत्राटं संपली आणि लोकांना दिलेला नंबर प्रकल्पाच्या सिमकार्डचा होता, तोही बंद झाला. वर्षभराने त्यातल्या एक आजी मला मंडईत भेटल्या. त्यांनी काहीच विचारलं नाही. मीच भाजी न घेता निघून आले.

आत काय चालतं ते सांगते. अशा अभ्यासात शंभर-दोनशे मुलांचे आकडे एकत्र करतात आणि त्यांची सरासरी शोधनिबंधात जाते. एकेका मुलाचा रिपोर्ट द्यायचा हे सुरुवातीलाच ठरलं नसेल तर नंतर तो कुणी बनवत नाही. म्हणजे ते वाक्य त्या मुलींनी दारात सौजन्य म्हणून बोललेलं असतं. तसं बोलू नये. पण राग फक्त त्यांच्यावर काढू नका, त्यांचीही नोकरी अकरा महिन्यांची असते.

तुम्ही काय करू शकता? घरात संमतीपत्राची प्रत शोधा. तुम्हाला एक मिळायलाच हवी होती. तिच्यावर प्रमुख संशोधकांचं आणि एथिक्स कमिटीचं नाव व फोन असतो. मुलींचा नको, तो दुसरा नंबर लावा. दोन गोष्टी मागा: अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत एका पानावर, आणि मुलाचा फोटो कुठे व कशासाठी वापरला याचं उत्तर. फोटोला वेगळी परवानगी लागते. ती दिलेली नसेल तर काढून टाका म्हणून सांगा, लेखी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार सहभाग कधीही, कारण न सांगता थांबवता येतो आणि त्यापायी उपचारांत काही कमी करता येत नाही. आणखी एक: सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही विचारायची असते, आईबाबांच्या सहीबरोबर. बारा वर्षांपर्यंत ती तोंडी चालते. तुमच्या मुलाला कुणी विचारलं होतं का? आता पुन्हा कुणी आलं तर आधी त्याला विचारू द्या. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी मागायला लाजू नका, ती देता येते.

मंडईतल्या त्या दिवसानंतर मी एक करते. यंत्र काढून घेते त्याच दिवशी साध्या चिठ्ठीवर लिहून देते: ‘आज सहा मिनिटांत वॉकर घेऊन १४० मीटर. मध्ये दोनदा थांबला. शेवटची फेरी हसत केली.’ शास्त्र म्हणून तिला काही किंमत नाही. पण एका घरी ती फ्रिजवर लावलेली पाहिली आहे.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि अपंग मुलांनाही तेच लागू केलं आहे, झेपेल तसं. शाळेत खेळाच्या तासाला तुमच्या मुलाला ‘बस तिकडे बाकावर’ म्हणत असतील, तर हा आकडा बाईंना दाखवा.

मी पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअर वापरतो. एमए (समाजशास्त्र) आहे. अपंगत्वावरच्याच एका प्रकल्पात रिसर्च असिस्टंटसाठी अर्ज केला तर “फिल्ड तुम्हाला जमणार नाही” म्हणून परत पाठवलं. — र. क., खडकी

वाचून मी मोठ्याने हसले, मग गप्प बसले.

आपल्या गावात या विषयावरच्या प्रत्येक परिसंवादाची सुरुवात मुरलीकांत पेटकरांच्या फोटोने होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण मिळवलेले, भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. टाळ्या होतात. आणि ज्या व्यासपीठावरून हे सांगतात त्याला चार पायऱ्या असतात, उतार नसतो. तुम्ही खडकीचे, जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र जिथे आहे तिथले, तुम्हाला मी काय सांगावं.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सरकारी आस्थापनांनी अपंग कर्मचाऱ्याला आवश्यक ती वाजवी सोय करून द्यायची आहे, आणि समान संधीचं धोरण तर प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं आहे. ते धोरण लेखी मागा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. हे सगळं करा, पण त्याआधी अर्ज नव्याने लिहा, आणि त्यात ‘मलाही जमेल’ असं लिहू नका. ‘हे मलाच जमेल’ असं लिहा. का, ते सांगते.

एका प्रकल्पात आम्ही व्हीलचेअर वापरणाऱ्या एका गृहस्थांच्या कमरेला ती ॲक्सेलरोमीटरची डबी बांधली. आठवड्याने संगणक म्हणाला, हा माणूस दिवसभर पडून होता. तो माणूस रोज स्वतः चाकं ढकलत कामावर जाणारा! कंबर खुर्चीत स्थिर, सगळं काम दंडांचं. मग मनगटाला बांधली, तर तो रिक्षाने गेला त्या दिवशी रस्त्यावरच्या खड्ड्यांचाही व्यायाम मोजला गेला. खर्च झालेल्या ऊर्जेचंही तसंच. स्वस्थ बसलेल्या माणसाला किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलीलीटर ऑक्सिजन लागतो असं धरून सगळं गणित चालतं. कण्याला दुखापत झालेल्यांत तो कमी असतो, २.७ च्या आसपास धरतात. मानेच्या पातळीवर दुखापत असेल तर नाडीच्या ठोक्यांवरूनही मेहनत नीट कळत नाही, कारण हृदयाकडे जाणारे काही संदेशच तुटलेले असतात. आमच्या टीममध्ये एक जण जरी चाकांवर असता तर कमरेचा घोटाळा पहिल्याच दिवशी कळला असता.

दुसरं. नंतर आमच्याकडे कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या घालणारा एक सहकारी आला. एकाच घरात आधी मी गेले, मग तो. मला तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, “रोज व्यायाम करतो, मॅडम.” त्याला म्हणाले, “अरे कसला व्यायाम, बाहेर पडायचं तर संडास कुठे सापडेल हीच धास्ती.” माझ्या फॉर्मवर टिकमार्क, त्याच्या फॉर्मवर कारण. आमचा अख्खा प्रकल्प ‘लोक घराबाहेर का पडत नाहीत’ हे शोधत होता.

फिल्डचं म्हणाल तर जोडीने जाता येतं. जनता वसाहत जोडीदाराने करायची, जंगली महाराज रस्त्यासारख्या रुंद पदपथाच्या भागातली घरं आणि दवाखाने तुम्ही. लॉकडाउनमध्ये आम्ही महिनोन्महिने मुलाखती फोनवर घेतल्याच की. तेव्हा कुणाचे पाय लागले होते?

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालोय. एमपीटीची, म्हणजे त्यातल्याच पदव्युत्तर पदवीची तयारी करताना वर्षभर रिसर्च असिस्टंट व्हावं का? पगार कमी आहे. — चिंचवड

दवाखान्यात जास्त मिळेल, खोटं कशाला सांगू. हे मानधन अनुदानातून येतं आणि अनुदान उशिरा येतं. दोन महिने पुरतील एवढे पैसे बाजूला ठेवूनच रुजू व्हा. प्रवासखर्च वेगळा आहे का ते पहिल्या दिवशी विचारा, नाहीतर पेट्रोल तुमच्या खिशातून. शोधनिबंधावर नाव हवं असेल तर तेही आधीच बोला. नुसता डेटा गोळा केला म्हणून नाव लागत नाही, लिखाणातही हात हवा आणि मजकुराची जबाबदारीही घ्यावी लागते. ‘मग बघू’ असं उत्तर आलं तर नाव येणार नाही असं धरून चाला. बाकी, पेशंट तुमच्या टेबलावर येतो तेव्हा कसा असतो ते तुम्ही शिकलात. तो घरी दोन खोल्यांत कसा वावरतो ते बघायचं असेल तर वर्ष द्या.

यजमान एकसष्ट वर्षांचे, उजवी बाजू पक्षाघाताने अधू. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. कुणी म्हणतं रोज अर्धा तास चाललंच पाहिजे. पाच मिनिटांत दमतात आणि मग चिडतात. — सौ. म. द., कोथरूड

मी डॉक्टर नाही. रक्तदाब आणि तोल यांचं फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेने अपंग प्रौढांनाही दिलेला आहे, पण तो आठवड्याचा आहे, आणि त्याबरोबरच लिहिलंय की झेपेल तेवढ्यापासून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. अर्धा तास सलग हे कुणी सांगितलं असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

पाच मिनिटांत दमतात ना? मग चारला थांबवा. चिडायच्या आधी. घरात दोन ठिकाणी हाताची खुर्ची ठेवा, एक बाल्कनीच्या दाराशी. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघा. येत नसेल तर टेकून, दिवसातून चार-पाच वेळा, तुम्ही त्यांच्या अधू बाजूला उभ्या राहून. आणि एक वही करा. तारीख, मिनिटं, आणि शेजारी मोठा रकाना. ‘चहाचा कप स्वतः ओट्यापर्यंत नेला, थोडा सांडला’ असं काही झालं तर ते त्या मोठ्या रकान्यात लिहा. महिन्याने वही मला पाठवा, मिनिटं मी नंतर बघेन.